नोकरदार भगिनींनो, मजूरमंत्री बाबासाहेब ओळखा!

यवतमाळ शहराला खेटून असलेले लोहारा हे नाव जिल्ह्यात एमआयडीसीमुळे ओळखले जाते. सकाळी दारव्हा रस्त्यावर उभे राहिले की डबा आणि ओढणी सांभाळत निघालेल्या बायांची रांग दिसते. कुणी कारखान्याच्या पॅकिंग खात्यात जाते, कुणी एखाद्या कार्यालयात कॉम्प्युटरवर बसते. कुणी दवाखान्यात फरशी पुसते, तर कुणी साहेबांच्या बंगल्यावर धुणीभांडी करते. त्याच वेळी अंगणवाडी सेविका किल्ली घेऊन निघालेली असते आणि आशाताई वही घेऊन दारोदार फिरत असते. या रांगेत आपल्या समाजाच्या लेकीबाळी किती, हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

मागे एका जयंतीच्या कार्यक्रमात अशाच एका ताईने आम्हाला प्रश्न केला. ती कंत्राटदाराकडे साफसफाईचे काम करते. बाबासाहेबांनी आरक्षण दिले, पण कंत्राटात आरक्षण नाही. बाबासाहेबांनी संविधान दिले, पण ठेकेदार संविधान वाचत नाही. मग आमच्यासारखीच्या रोजच्या जगण्यासाठी बाबासाहेबांनी वेगळे काय केले, असे तिने विचारले. मंडपात क्षणभर शांतता पसरली. आम्हालाही त्या क्षणी जमेल तसेच उत्तर देता आले. घरी आल्यावर मात्र लाज वाटली. या प्रश्नाचे उत्तर बाबासाहेबांच्या अर्ध्या आयुष्यात भरलेले आहे आणि ते आपण आपल्या बायकांपर्यंत पोहोचवलेच नाही. घटनाकार बाबासाहेब आपण घरोघरी नेले, पण कामगारांचे पुढारी आणि मजूरमंत्री बाबासाहेब कपाटातल्या खंडांतच राहिले. म्हणून आज आम्ही ते चरित्र त्या ताईच्या प्रश्नाच्या अंगाने सांगणार आहोत.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले भीमराव हे सुभेदार रामजींचे शेवटचे अपत्य. लहानपणीच आई भीमाबाई गेल्या. सुभेदारांची पेन्शन तुटपुंजी होती. मुलांच्या शिक्षणासाठी हे कुटुंब मुंबईला आले आणि परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहू लागले. पुढे बॅरिस्टर झाल्यावरही बाबासाहेब कित्येक वर्षे परळच्याच इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत राहिले. परळ म्हणजे गिरण्यांचा मुलूख. भोंगा वाजला की चाळी रिकाम्या व्हायच्या. बायाही गिरणीत जायच्या आणि बाळंतपण झाले की थोड्याच दिवसांत पुन्हा खात्यात उभ्या राहायच्या. कामगार बाईचे दुःख बाबासाहेबांनी आधी शेजारच्या खोलीत पाहिले, पुस्तकात नंतर वाचले. त्यांच्या घरातही तेच होते. पती परदेशी शिकत असताना माता रमाईने शेणाच्या गोवऱ्या थापून संसार रेटला, हे समाजाला ठाऊक आहे. आपण तो त्याग म्हणून आठवतो. तो एका कष्टकरी बाईचा बिनपगारी श्रम होता, हे मात्र आपण म्हणत नाही.

कोलंबिया आणि लंडन गाजवून आलेला हा विद्वान १९२७ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात सभासद म्हणून बसला. त्याच वर्षी मार्चमध्ये महाडचे चवदार तळे आणि डिसेंबरात मनुस्मृतीचे दहन झाले. या धामधुमीतही कामगार बाई त्यांच्या नजरेआड झाली नाही. जुलै १९२८ मध्ये कारखान्यांतील स्त्रियांना बाळंतपणाचे लाभ देणारे बिल कौन्सिलात चर्चेला आले. खर्च कोण करणार, धंद्यावर बोजा पडेल, असे आक्षेप निघाले. बाबासाहेबांनी या बिलाला ठाम पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणे हे साऱ्या राष्ट्राच्या हिताचे आहे, ही त्यांची पहिली मांडणी होती. म्हणून हा भार मुख्यतः सरकारने उचलायला हवा. पण सरकार तो उचलत नसेल, तर त्या बाईच्या श्रमातून नफा मिळवणाऱ्या मालकाने तो उचलला पाहिजे, कारण ती कामावर आहे म्हणून त्याला फायदा होतो, ही दुसरी. १९२९ साली मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. आज एखाद्या कार्यालयातली मुलगी २६ आठवड्यांची रजा घेते. २०१७ च्या दुरुस्तीने मिळालेल्या या रजेचे मूळ त्या १९२८ च्या भांडणात आहे.

त्याच सुमारास मुंबईत गिरणी कामगारांचा प्रचंड संप झाला. लाल बावट्याचे पुढारी कामगार एकजुटीच्या घोषणा देत होते. पण गिरणीच्या विणखात्यात अस्पृश्याला काम मिळत नव्हते. तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागतो आणि विटाळ होतो, म्हणून सवर्ण कामगारच त्याला खात्यात येऊ देत नव्हते. विणखात्यात पगार जास्त. म्हणजे विटाळाचा हिशोब थेट पैशात होता. बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना हा प्रश्न आपल्या मागण्यांत घ्यायला भाग पाडले. मालकाशी लढताना आपल्याच रांगेतला अन्याय झाकून ठेवला तर ती एकजूट खोटी ठरते, हा धडा त्यांनी तेव्हा घालून दिला.

ऑगस्ट १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. नावातच मजूर. १९३७ च्या निवडणुकीत पक्षाचे बहुतेक उमेदवार निवडून आले. खोती नष्ट करण्याचे बिल, शेतकऱ्यांचा कौन्सिल हॉलवरचा मोर्चा, महापालिकेच्या सफाई कामगारांची संघटना अशी कामे एकामागून एक सुरू झाली. झाडू आणि टोपली उचलणाऱ्यांत बाया मोठ्या संख्येने होत्या. नोव्हेंबर १९३८ मध्ये पक्षाच्या वतीने मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आणला गेला. बाईला तिच्या शरीरावर हक्क हवा, नको असलेले बाळंतपण लादले जाऊ नये, हा विषय त्या काळी उच्चभ्रू सुधारकही दबक्या आवाजात बोलत. मजुरांच्या पक्षाने तो सभागृहात उघड मांडला आणि सभागृहाने तो फेटाळला.

१२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ ला मनमाडला जीआयपी रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. तिथले बाबासाहेबांचे भाषण प्रत्येक युनियनच्या कार्यकर्त्याने वाचलेच पाहिजे. या देशातल्या कामगाराला भांडवलशाही आणि ब्राह्मण्य असे दोन शत्रू आहेत, असे त्यांनी तिथे सांगितले. ब्राह्मण्य म्हणजे एक जात नव्हे. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता नाकारणारी वृत्ती म्हणजे ब्राह्मण्य आणि ती कोणत्याही जातीत शिरू शकते, हेही त्यांनी स्पष्ट केले. रेल्वेत अस्पृश्य माणूस गँगमनचा गँगमनच का राहतो, त्याला बढती का मिळत नाही आणि मोठ्या युनियनला त्याची फिकीर का नाही, असा सवाल त्यांनी केला. आम्ही म्हणतो, हाच सवाल आज बाईच्या बाजूने विचारून पहा. ज्या युनियनमध्ये मोर्चाला बाया हजारोंनी येतात आणि व्यासपीठावर सगळे पुरुष बसतात, त्या युनियनला बाबासाहेबांनी काय म्हटले असते?

त्याच वर्षी मुंबई सरकारने औद्योगिक कलहाचे बिल आणले. त्यात संपावर बंधने होती आणि बेकायदा संपासाठी तुरुंग होता. संप म्हणजे दुसरे काही नसून कोणत्या अटीवर काम करायचे हे ठरवण्याचे माणसाचे स्वातंत्र्य आहे, अशी बाबासाहेबांची भूमिका होती. माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध कामाला जुंपणे म्हणजे गुलामी. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून मुंबईत एक दिवसाचा संप केला. ज्यांच्याशी मतभेद होते त्यांच्यासोबतही कामगाराच्या हक्कासाठी ते रस्त्यावर उतरले. बिल शेवटी पास झाले. पण वेठबिगारीत पिढ्या घालवलेल्या समाजाने संप हा आपला हक्क आहे, हे त्या दिवशी जाहीर केले.

आता आपल्या विदर्भाकडे येऊ. जुलै १९४२ मध्ये नागपूरला अखिल भारतीय दलित वर्गाची परिषद भरली. त्याच मांडवात २० जुलैला महिलांची परिषद झाली. अध्यक्षस्थानी अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या. हजारो बाया जमल्या होत्या. त्या परिषदेचे ठराव काढून वाचा, अंगावर काटा येतो. घटस्फोटाचा हक्क, एकापेक्षा जास्त बायका करण्याला बंदी आणि लोकनियुक्त संस्थांत स्त्रियांना प्रतिनिधित्व या मागण्या तर होत्याच. पण गिरणी, विडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वे इथे काम करणाऱ्या बायांसाठीही एक ठराव होता. वर्षाला २१ दिवस किरकोळ रजा आणि एक महिन्याची हक्काची रजा द्या. कामावर इजा झाली तर भरपाई द्या. वीस वर्षे नोकरी झाल्यावर दरमहा किमान १५ रुपये पेन्शन द्या. गिरण्यांत बायांवर देखरेखीला बाईच नेमा, हीही मागणी होती. ज्यांच्यापैकी अनेकींना सही करता येत नव्हती, त्या बाया रजा, भरपाई आणि पेन्शनची भाषा बोलत होत्या. लोहाऱ्याच्या कंत्राटी कामगार ताईने आज मागणीपत्र लिहायला घेतले तर त्यात याहून वेगळे काय असेल? ८० वर्षे उलटून गेली, तरी मागणीपत्र तेच आहे. हे कुणाचे अपयश?

त्या परिषदेला स्वतः बाबासाहेब हजर होते. त्याच महिन्यात त्यांनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याची सूत्रे घेतली. जून १९४६ पर्यंत ते मजूरमंत्री होते. ही चार वर्षे म्हणजे आजच्या नोकरदाराच्या वेतनचिठ्ठीचा पाया आहे. सरकार, मालक आणि कामगार यांनी एका टेबलावर समान म्हणून बसायचे ही त्रिपक्षीय पद्धत त्यांच्या काळात रुजली. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. खाणीत काम करणाऱ्या बायांच्या प्रसूती लाभात सुधारणा झाल्या, खाणींवर पाळणाघरांची तरतूद झाली, कोळसा खाण कामगारांसाठी कल्याण निधी उभा राहिला. किमान वेतनाचे बिल त्यांनी १९४६ मध्ये मांडले, ते १९४८ मध्ये कायदा झाले. कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना त्यांच्याच खात्यात आखली गेली आणि १९४८ मध्ये राज्य विमा कायदा आला. पगारातून ई.एस.आय. कापला जातो, त्या कपातीच्या मागे हा माणूस उभा आहे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. चरित्र म्हणजे आरती नव्हे, असे आम्ही मानतो. १९४३ मध्ये युद्धामुळे कोळसा कमी पडला, तेव्हा सरकारने आपल्या मध्यप्रांतासह काही प्रांतांत जमिनीखालच्या खाणकामावरची बायांची बंदी तात्पुरती उठवली. खाते बाबासाहेबांचे होते. रेणुका राय यांच्यासारख्या स्त्री सभासदांनी मध्यवर्ती कायदेमंडळात त्यावर कडाडून टीका केली. बाबासाहेबांनी १९४४ मध्ये सभागृहात उत्तर दिले. ही युद्धाच्या निकडीची उपाययोजना आहे, कायमची नव्हे आणि खाणीत बाईला पुरुषाइतकीच मजुरी मिळेल याची व्यवस्था केली आहे, असे त्यांचे म्हणणे होते. १९४६ मध्ये बंदी पुन्हा लागू झाली. समान कामाला समान दाम हे तत्त्व सरकारी पातळीवर असे पुढे आले, हे खरे. त्या बाया अंधाऱ्या भुयारात उतरल्या, हेही तितकेच खरे. निर्णय दिल्लीत झाला. खाणीतल्या बाईला कुणी विचारले नाही, कारण विचारायला तिची संघटनाच नव्हती. आमच्या मते या प्रसंगाचा धडा हाच आहे. खुर्चीवर बाबासाहेबांसारखा माणूस बसला तरी खाली बाईची संघटना लागतेच.

आणि हे बाबासाहेबांना नेमके कळत होते. म्हणून नोव्हेंबर १९४३ मध्ये त्यांनी ट्रेड युनियन कायद्यात दुरुस्तीचे बिल आणले. प्रातिनिधिक युनियनला मालकाने मान्यता दिलीच पाहिजे आणि नाकारली तर तो गुन्हा ठरावा, हा त्याचा गाभा. युनियन नोंदवता येते, पण मालक तिच्याशी बोलतच नाही, ही कामगाराची जुनी रड होती. ती दुरुस्ती १९४७ मध्ये मंजूर झाली. पण अंमलात येण्याची तारीख तिला कधीच मिळाली नाही. कायदा पुस्तकात राहिला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यात ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेल्या युनियनला वाटाघाटीचा हक्क दिला आहे. पण त्याच संहितेत संपापूर्वी १४ दिवसांची नोटीस सर्वच औद्योगिक आस्थापनांना लागू केली आहे. १९३८ चा संप ज्यांना माहीत आहे, त्यांनी एका हाताने काय दिले आणि दुसऱ्या हाताने काय घेतले, याचा हिशोब करावा.

सप्टेंबर १९४३ मध्ये दिल्लीत कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यास शिबिरात बाबासाहेब बोलले. युनियनने पगारवाढीवर समाधान मानू नये, कामगाराने वाचावे, राजकारण समजून घ्यावे आणि राज्यकारभारापर्यंत जावे, असा त्यांचा आग्रह होता. पुढे संविधान लिहिताना हीच शिदोरी त्यांच्यासोबत होती. संघटना करण्याचा हक्क कलम १९ मध्ये मूलभूत हक्क म्हणून आला. स्त्री-पुरुषांना समान कामाचे समान वेतन कलम ३९ मध्ये, कामाची माणुसकीची परिस्थिती आणि प्रसूती साहाय्य कलम ४२ मध्ये आले. कलम ४३ मध्ये निर्वाह वेतन आले. १९२८ च्या कौन्सिलातले बिल आणि नागपूरच्या मांडवातले ठराव असे देशाच्या संविधानाला जाऊन मिळाले. हिंदू कोड बिल रखडवले गेले, तेव्हा सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. स्त्रीच्या हक्काचा प्रश्न हे त्या राजीनाम्याचे एक मोठे कारण होते. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा दिली आणि ६ डिसेंबरला हा प्रज्ञासूर्य मावळला.

आज काय चित्र आहे? अंगणवाडी योजना १९७५ पासून चालू आहे, आशा २००५ नंतर आल्या. पोषण, लसीकरण, सर्वेक्षण, निवडणूक अशी सगळी कामे त्यांच्याकडून करून घेतली जातात. पण त्यांना पगार मिळत नाही, मानधन मिळते. मानधन हा मोठा लबाड शब्द आहे. मान शब्दापुरता आणि धन नावापुरते! कामगार म्हटले तर हक्क द्यावे लागतात, म्हणून सेविका म्हणायचे. पूर्वी वेठबिगारीलाही वतन म्हणत होते, हे आपण विसरलो काय? पण या बाया गप्प बसल्या नाहीत. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, असा निकाल दिला. तो अंमलात यावा, मानधन वाढावे आणि पेन्शन मिळावी म्हणून महाराष्ट्रातल्या सेविकांनी ४ डिसेंबर २०२३ पासून ५० दिवसांहून अधिक काळ संप केला. २०२४ च्या सुरुवातीला आशाही रस्त्यावर आल्या. ज्या आशांना २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने गौरवले, त्यांना आपल्याच राज्यात आझाद मैदानावर बसावे लागले. नागपूरचा १९४२ चा ठराव या संपांत जिवंत होता. त्या बायांना तो माहीत असो वा नसो.

यात आपल्या चळवळीने स्वतःलाही आरशात पाहावे. जयंतीला निळी साडी नेसून मिरवणुकीत पुढे कोण? बाया. विहारात खीर कोण रांधते? बाया. वर्गणी दारोदार कोण गोळा करते? बाया. मग संघटनेच्या अध्यक्षपदाची वेळ आली की भाऊ, दादा आणि साहेबच का आठवतात? कर्मचाऱ्यांच्या संघटनांतही महिला आघाडी नावाची वेगळी खुर्ची कोपऱ्यात ठेवली की काम संपले, असे आपण समजतो. सुलोचनाबाई डोंगरे १९४२ मध्ये अध्यक्ष होऊ शकल्या, तर आजची पदवीधर भगिनी का नाही?

म्हणून त्या ताईला आणि लोहाऱ्याच्या रांगेतल्या प्रत्येकीला आमचे सांगणे आहे. युनियन म्हणजे दंगा नव्हे, तो संविधानाचा हक्क आहे. नोंदणीसाठी किमान सात सभासद लागतात. आस्थापनेतल्या दहा टक्के किंवा शंभर, यांपैकी जो आकडा कमी असेल तेवढे कामगार सोबत हवेत. एकटीने ठेकेदाराशी भांडू नका, त्याने नाव कापायला वेळ लागत नाही. आधी सात जणी एकत्र बसा. वेतनचिठ्ठी मागा. पी.एफ. आणि ई.एस.आय. खरोखर भरला जातो का ते तपासा. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाची तक्रार ऐकणारी समिती आहे का, ते विचारा. २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक जण असलेल्या ठिकाणी ती सक्तीची आहे. आणि मोठी युनियन असेल तर तिच्यात जा, पण मागे सतरंजीवर बसायला नको, पुढे टेबलावर बसायला जा.

बाबासाहेबांच्या मंत्रातला शिकण्याचा शब्द आपण पाळला, घरोघरी पोरी शिकल्या. संघर्षाचा शब्द भाषणात वापरला. संघटनेचा शब्द मात्र नोकरी लागताच विसरलो. लोहाऱ्याच्या फाटकावरच्या बायांनी तो शब्द उचलला, तर त्या मंडपातल्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला द्यावे लागणार नाही. ते त्या स्वतःच देतील.

जयभीम!